जर्मनीतल्या छोट्या गावचे बुर्गरमायस्टर कसे व्हावे

मराठी वर्तमानपत्रांत जर्मन 'बुर्गरमायस्टर'चे भाषांतर सरसकट 'महापौर' असे केले जाते, आणि त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांसमोर महानगरपालिकेतला मानाचा, पण कारभाराच्या दृष्टीने हात बांधलेला माणूस उभा राहतो. दक्षिण जर्मनीतील अडीच-तीन हजार वस्तीच्या गावचा बुर्गरमायस्टर याच्या अगदी उलट असतो. आपल्याकडील नगरपालिकेत नगराध्यक्ष निवडून येतो आणि मुख्याधिकारी शासनाकडून नेमला जातो. मते एकाकडे आणि फायलीवरची सही दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ही दोन्ही माणसे एकाच खुर्चीत बसतात. तेथील बुर्गरमायस्टर थेट जनतेतून निवडून येतो, गावच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या सभेचे अध्यक्षस्थान मतदानाच्या हक्कासह भूषवतो, गावच्या सर्व कर्मचाऱ्यांचा वरिष्ठ असतो आणि न्यायालयात गावाच्या वतीने उभाही तोच राहतो. म्हणून या पदाची इच्छा धरणाऱ्याने तयारी दोन्ही अंगांनी करावी लागते. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने याच राज्यापुरते आहे, कारण एक तर स्टुटगार्टच्या आसपासच्या गावांत मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि दुसरे म्हणजे प्रत्येक जर्मन राज्याचा गावकारभाराचा कायदा वेगळा असल्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असा सल्ला देणे शक्यच नाही.

आधी कायदा, मग गाव

राज्यागणिक फरक किती आहे हे एकदा पाहून घ्यावे. ऱ्हाइनलँड-फाल्त्समध्ये शेकडो चिमुकली गावे आहेत आणि तेथील गावप्रमुख पाच वर्षांसाठी निवडलेला, मानधनावर काम करणारा मानद कार्यकर्ता असतो. दिवसा तो आपली नोकरी किंवा द्राक्षमळा सांभाळतो आणि कागदोपत्री कारभार अनेक गावांच्या सामाईक कचेरीतून चालतो. बव्हेरियात मुदत सहा वर्षांची, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात पाच वर्षांची, तर बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तब्बल आठ वर्षांची आहे. या राज्यात 2,000 किंवा त्याहून अधिक लोकवस्ती असेल तर पद पूर्णवेळ आणि पगारी असते. त्याखालील गावांत ते मानद असते. मात्र वस्ती 500 च्या वर असेल तर गाव आपल्या नियमावलीत तरतूद करून ते पगारी करू शकते. वस्ती 20,000 च्या वर गेलेली काही शहरे 'मोठे जिल्हा-नगर' हा दर्जा मागून घेतात आणि मग तेथील प्रमुखाला 'ओबरबुर्गरमायस्टर' म्हणतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राज्यात 1,101 गावे आणि शहरे आहेत. आठ वर्षांच्या मुदतीने भागाकार केला तर वर्षाला सरासरी सव्वाशेहून अधिक निवडणुका होतात, आणि त्या एकाच दिवशी न होता वर्षभर, वेगवेगळ्या रविवारी, जिथली मुदत संपते तिथे होत राहतात. आपल्याकडे जिल्ह्यातल्या सगळ्या निवडणुकांचा एकदाच धुरळा उडतो, तसे तिथे होत नाही. त्यामुळे इच्छुकाला घाई करण्याचे कारण नसते. जे गाव आपल्याला मानवेल त्याची वाट पाहता येते.

पात्रतेबाबत मात्र भाबडेपणा ठेवू नये. उमेदवार जर्मन किंवा युरोपीय संघातील अन्य देशाचा नागरिक असावा लागतो. भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्याला, तो त्या गावात वीस वर्षे राहिलेला आणि कर भरणारा असला तरी, या निवडणुकीत उभेही राहता येत नाही आणि मतही देता येत नाही. जून 2024 पासून जर्मन नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट साधारणपणे आठऐवजी पाच वर्षांची झाली आहे आणि जर्मनी आता मूळ नागरिकत्व सोडायला लावत नाही. परंतु भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नसल्याने आपल्या माणसाला भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या कार्डावर, यावे लागते. हा निर्णय घरात बसून, आई-वडिलांशी बोलून घेण्याचा आहे. एखाद्या पदाच्या मोहाने घेण्याचा नाही. वयाची किमान अट पूर्वी 25 वर्षांची होती, ती 2023 मध्ये 18 वर आली आणि उमेदवारीच्या कमाल वयाची अटही त्याच वेळी निघाली. मतदाराचे वय मात्र 16 पासूनच सुरू होते, तेव्हा शाळेतल्या मुलांशीही नीट बोलावे.

आपल्याला सर्वांत चमत्कारिक वाटणारी गोष्ट म्हणजे उमेदवार त्या गावचा रहिवासी असण्याची गरज नसते. किंबहुना या राज्यात बाहेरून आलेला, कोणत्याही भावकीत नसलेला, शिकलेला प्रशासक गावाला अनेकदा अधिक पसंत पडतो. पूर्वी असे नव्हते. व्युर्टेम्बर्गच्या जुन्या राजवटीत या पदाला 'शुल्टहाइस' म्हणत आणि 19व्या शतकात ते तहहयात असे; आपल्या पाटीलकीसारखे ते वंशपरंपरागत नसले तरी एकदा बसलेला माणूस मरेपर्यंत उठत नसे. म्हातारी माणसे आजही बुर्गरमायस्टरला प्रेमाने किंवा रागाने 'शुल्टेस' म्हणतात. तो शब्द आपल्याबद्दल प्रथम ऐकू आला की गावाने आपल्याला ओळखायला सुरुवात केली, असे खुशाल समजावे.

शिक्षण कुठे घ्यावे

कायद्याने कोणत्याही पदवीची अट नाही. सुतार, शिक्षक, पोलीस असे सगळेच उभे राहू शकतात. तरीही या राज्यातील बुर्गरमायस्टरांची मोठी संख्या केल आणि लुडविग्सबुर्ग येथील प्रशासन-महाविद्यालयांतून बाहेर पडलेली असते. तिथे गावाचा अर्थसंकल्प, बांधकाम-परवानगीचा कायदा, सेवाशर्ती आणि समाजकल्याणाचे नियम शिकवले जातात आणि अभ्यासक्रमाचा मोठा भाग प्रत्यक्ष कचेऱ्यांत काम करण्यात जातो. वयाच्या विशीत असलेल्या मुलाने किंवा मुलीने हीच वाट धरावी. चाळिशीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने निदान एखाद्या गावच्या सभेच्या जाहीर बैठकांना वर्षभर मागच्या बाकावर बसावे. त्याला पैसे पडत नाहीत आणि कोणी हटकतही नाही.

कचेरीतल्या कामाचे मोल दाखवणारे उत्तम उदाहरण म्हणजे रियान अल्शेब्ल. सीरियातील सुवेदा भागातला हा तरुण 2015 मध्ये, वयाच्या 21व्या वर्षी, रबरी होडीतून ग्रीसच्या लेस्बोस बेटावर उतरला आणि पुढे जर्मनीत पोहोचला. काल्व जिल्ह्यातील आल्टहेंगश्टेट गावच्या कचेरीत त्याने प्रशासनाचे काम शिकले आणि तिथेच नोकरी केली. त्यानंतर जर्मन नागरिकत्व मिळवून 2 एप्रिल 2023 रोजी, शेजारच्या सुमारे अडीच हजार वस्तीच्या ओस्टेल्सहाइम गावात, दोन प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध पहिल्याच फेरीत 55 टक्क्यांहून अधिक मते मिळवून तो निवडून आला आणि जूनमध्ये पदावर रुजू झाला. तो ग्रीन पक्षाचा सदस्य असला तरी अपक्ष म्हणून उभा होता. जगभरच्या बातम्यांनी 'निर्वासित झाला महापौर' एवढेच सांगितले. मला त्यात अर्धीच गोष्ट दिसते. गावाने निवडला तो शेजारच्या गावच्या कचेरीत अर्ज, शिक्के आणि नोंदवह्या हाताळलेला माणूस. होडीची हकिकत ऐकून लोकांना त्याच्याविषयी कुतूहल वाटले असेल, पण आठ वर्षांसाठी गावाची तिजोरी कोणी कुतूहलापोटी हवाली करत नाही.

भारतीय वंशाचे उदाहरण पाहायचे तर पूर्वेकडे, बर्लिनजवळच्या आल्टलांड्सबर्ग या लहानशा शहरात पाहावे लागते. आंध्रात जन्मलेले डॉक्टर रवींद्र गुज्जुला हे 1990 च्या दशकात तेथील बुर्गरमायस्टर झाले. गावचा डॉक्टर घरोघरी ओळखीचा असतो, हे त्यांच्या पथ्यावर पडले असणार.

पाकीट आणि मध्यरात्र

पद रिकामे होणार असेल तर ते नोकरीच्या जाहिरातीसारखे प्रसिद्ध करावे लागते, आणि तेही मतदानाच्या किमान दोन महिने आधी. या जाहिराती 'श्टाट्सआन्त्साइगर' या राज्याच्या साप्ताहिकात येतात; इच्छुकाने ते नियमित चाळावे. पक्षाने तिकीट देण्याचा प्रकार इथे नाही. अर्ज व्यक्तीने स्वतः करायचा असतो आणि मतपत्रिकेवर पक्षाचे नाव किंवा चिन्ह नसते. उमेदवाराचे नाव, व्यवसाय आणि पत्ता एवढेच असते. पक्ष पाठिंबा देऊ शकतात, पण छोट्या गावात पक्षाचा झेंडा मिरवल्याने मते वाढण्यापेक्षा घटण्याची शक्यताच अधिक, असे जुनी माणसे सांगतात.

अर्जासोबत राहत्या गावच्या कचेरीकडून घेतलेला पात्रतेचा दाखला आणि आपण अपात्र ठरत नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. समर्थकांच्या किती सह्या लागतात हे गावच्या लोकसंख्येवर अवलंबून असते. ते ऐकीव माहितीवर न ठेवता कचेरीत जाऊन लेखी विचारून घ्यावे. मतपत्रिकेवर नावे अर्ज पोहोचल्याच्या क्रमाने छापण्याची या राज्यात रीत आहे, त्यामुळे जाहिरात प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे घड्याळात बारा वाजून एक मिनिट झाल्याबरोबर, कचेरीच्या टपालपेटीत पाकीट टाकायला उमेदवार थंडीत उभे असतात. आपल्याकडे मुहूर्त पाहून अर्ज भरणाऱ्यांना हसणाऱ्यांनी हे दृश्य एकदा पाहावे. पहिल्या क्रमांकाने किती फायदा होतो हा वादाचा विषय आहे. पण गावात सकाळपर्यंत बातमी पसरते की अमुक माणूस रात्री बाराला हजर होता, आणि त्याचा फायदा निश्चित होतो.

केवळ उभे राहण्याच्या हौसेचाही इथे इतिहास आहे. हेल्मुट पाल्मर नावाचा फळबागायतदार या राज्यात अडीचशेहून अधिक बुर्गरमायस्टर-निवडणुकांत उतरला, कचेऱ्यांच्या अरेरावीविरुद्ध आयुष्यभर बोलला आणि एकदाही निवडून आला नाही. त्याचा मुलगा बोरिस पाल्मर 2007 पासून ट्युबिंगनचा ओबरबुर्गरमायस्टर आहे.

सभागृहातील दहा मिनिटे

प्रचाराचा खर्च आपल्या मानाने किरकोळ असतो: काही फलक, एक पत्रक आणि पायांची झीज. दारोदार जावे, पण संध्याकाळी सहानंतर जेवणाच्या वेळी घंटा वाजवू नये आणि रविवारी तर अजिबात नाही. खरी कसोटी लागते ती गावच्या बहुउद्देशीय सभागृहातील उमेदवार-सभेत. गाव अशी जाहीर सभा भरवू शकते आणि बहुतेक गावे ती भरवतात. प्रत्येकाला ठरावीक मिनिटे मिळतात आणि एकजण बोलत असताना बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत बसवण्याची पद्धत आहे, म्हणजे आधीच्याचे मुद्दे उचलता येऊ नयेत.

मी पाहिलेल्या अशाच एका सभेत एका वृद्ध बाईंनी स्मशानभूमीपासून बसथांब्यापर्यंतच्या पायवाटेवर अंधार असतो, त्याचे काय करणार, असे विचारले. पहिल्या उमेदवाराने ऊर्जाबचत आणि हवामान यांवर बरेच काही सांगितले. दुसऱ्याने वरिष्ठ कार्यालयाकडे पाठपुरावा करण्याचे आश्वासन दिले. तिसरी उमेदवार शेजारच्या जिल्ह्यातली, तिशीतली बाई होती. ती म्हणाली की आदल्या संध्याकाळी आपण त्या वाटेने चालत गेलो. तीन दिवे बंद आहेत, त्यांतील दोन गावचे आहेत आणि एक जिल्हा रस्त्याच्या हद्दीत येतो, म्हणून दोन आठवडाभरात लागतील आणि तिसऱ्यासाठी पत्र लिहावे लागेल. क्षणभर शांतता पसरली आणि मग लोकांनी टाळ्यांऐवजी, तिथल्या रिवाजाप्रमाणे, बोटांच्या पेरांनी टेबले ठोकली. निकाल मला तेव्हाच कळला होता.

म्हणून अर्ज टाकण्यापूर्वी गाव पायी फिरावे. शाळेची छपरे, अग्निशमन केंद्राची गाडी, ओढ्यावरचा पूल, बालवाडीची प्रतीक्षायादी आणि मागील अर्थसंकल्प इतके डोळ्यांखालून गेलेच पाहिजे. भाषेचे म्हणाल तर पाठ्यपुस्तकी जर्मन चालते. स्वाबियन बोलीची नक्कल करू नये, पण ती समजली मात्र पाहिजे, कारण तक्रारी बोलीतच येतात.

निवडून येण्यासाठी वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. ती कोणालाच न मिळाल्यास 2023 च्या सुधारणेनंतर पहिल्या दोघांत फेरमतदान होते. त्याआधी दुसऱ्या फेरीत नवा उमेदवारही उडी घेऊ शकत असे, आणि त्यामुळे पहिल्या फेरीत आघाडीवर असलेल्याची झोप उडत असे.

खुर्चीत बसल्यावर

सभेने आपल्यातून निवडलेला सदस्य जाहीर बैठकीत नव्या बुर्गरमायस्टरला शपथ देतो. दोन ते तीन हजार वस्तीच्या गावच्या सभेत बारा निवडून आलेले सदस्य असतात आणि त्यांची मुदत पाच वर्षांची, म्हणजे बुर्गरमायस्टरच्या मुदतीशी न जुळणारी असते. त्यामुळे आज आपल्या बाजूची वाटणारी सभा मध्येच बदलते. सभेत बुर्गरमायस्टरचे मत एकच. ठराव बेकायदा वाटला तर त्याला आठवड्याच्या आत हरकत घ्यावीच लागते; तो केवळ गावाच्या हिताचा नाही असे वाटले तर हरकत घेता येते, सक्ती नसते. हा फरक पहिल्याच महिन्यात पाठ करून ठेवावा, कारण वरून जिल्हा कचेरीची कायदेशीर देखरेख असते.

पैशाचे गणित गावकऱ्यांना सोपे करून सांगता आले पाहिजे. गावाला मिळणारा मुख्य कर म्हणजे 'गेवेर्बेश्टॉयर', म्हणजे उद्योगांच्या नफ्यावरील स्थानिक कर. आपल्या पगारातून महिन्याला कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करासारखा तो किरकोळ नसतो. करपात्र नफ्याच्या 3.5 टक्के ही मूळ रक्कम कायद्याने ठरलेली आहे आणि तिला किती पटीने वाढवायचे ते गावची सभा ठरवते. सभेने 350 टक्के दर लावला तर कर 12.25 टक्के पडतो, म्हणजे लाख युरो करपात्र नफा असलेल्या कंपनीकडून 12,250 युरो येतात, आणि त्यातलाही काही वाटा वर द्यावा लागतो. याशिवाय आयकराच्या 15 टक्के हिस्सा देशातील गावांकडे येतो आणि मालमत्ता कर असतो. गावातला एकमेव कारखाना बंद पडला तर अर्थसंकल्पाला भगदाड पडते. पण एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला संगोपनाची जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे आणि तो गावच्या तिजोरीची स्थिती विचारत नाही. म्हणून नव्या बुर्गरमायस्टरने आधी गावच्या लेखाधिकाऱ्याशी मैत्री करावी आणि मगच घोषणा कराव्यात.

विषय कोणत्या टोकाचे येतील याचा नेम नसतो. ओस्टेल्सहाइमच्या परिसरातच पाहा: काल्व ते वाइल डेर श्टाट हा बंद पडलेला रेल्वेमार्ग पुन्हा सुरू करण्याच्या कामात जुन्या बोगद्यांत थंडीत झोपणारी वटवाघळे आडवी आली, आणि त्यांच्यासाठी बोगद्यांत गाडीच्या मार्गापासून वेगळे कप्पे बांधावे लागले. अशा परिसरातील गावप्रमुखाला रूळ, निसर्गसंरक्षण कायदा आणि वटवाघळांचे हिवाळी वेळापत्रक, तिन्ही समजून घ्यावे लागते.

बाकीचा वेळ माणसांचा. ऐंशीव्या वाढदिवसाला घरी जाणे, लग्नाच्या पन्नाशीला पुष्पगुच्छ नेणे, स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या वार्षिक सभेला रात्री उशिरापर्यंत बसणे आणि गावजत्रेत बिअरच्या पिंपाला हातोडीने तोटी ठोकणे, ही सगळी कामेच आहेत. आपल्यातला एखादा बिअर पीत नसेल तर त्याने पिंप उघडून स्वतः सफरचंदाचा रस घ्यावा. न पिण्याबद्दल कोणी रागावत नाही, पण दुसऱ्या ठोक्यात तोटी बसली नाही तर वर्षभर थट्टा होते. गावच्या साप्ताहिक पत्रिकेत कचऱ्याच्या तारखा आणि मंडळांच्या बातम्या येतात आणि ती घरोघरी वाचली जाते. त्यातील मजकूर छापण्यापूर्वी स्वतः तपासावा. चुकलेली कचऱ्याची तारीख चुकलेल्या धोरणापेक्षा लवकर अंगावर येते.

या पदाची एक काळी बाजूही आहे आणि ती घरच्यांना आधी सांगितली पाहिजे. पश्चिमेकडील आल्टेना या लहान शहराचे बुर्गरमायस्टर आंद्रेआस होलश्टाइन यांनी शहराच्या कोट्यापेक्षा अधिक निर्वासित स्वीकारले होते. नोव्हेंबर 2017 मध्ये एका कबाबच्या दुकानात त्यांच्या गळ्यावर चाकूने वार झाला आणि दुकानदार मदतीला धावल्यामुळे ते बचावले. पत्ता सगळ्यांना माहीत असलेल्या गावात धमकीचे पत्र घराच्याच पेटीत येते. असे पत्र फाडून न टाकता त्याच दिवशी पोलिसांत द्यावे.

मुदतीच्या मध्येच लोकांनी मतदानाने पदावरून काढण्याची सोय बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नाही. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात ती आहे आणि 2012 मध्ये डुइसबुर्गच्या ओबरबुर्गरमायस्टरला जनतेने अशा मतदानाने घरी पाठवले. ब्रांडेनबुर्गमध्ये तर 1990 च्या दशकात हे इतक्या वेळा घडू लागले की लोकांनी त्याला 'बुर्गरमायस्टरांची नऊखुंटी' म्हणजे चेंडूने खुंट्या पाडण्याचा खेळ असे नाव दिले. इथे आठ वर्षे खुर्ची पक्की असते, आणि म्हणूनच अप्रिय कामे, जसे पाणीपट्टी वाढवणे किंवा जुना पोहण्याचा तलाव बंद करणे, पहिल्या तीन वर्षांत उरकून घ्यावीत.

आठवे वर्ष संपत आले की आपल्याच पदाची जाहिरात आपल्याच कचेरीतून निघते. बसलेल्या बुर्गरमायस्टरलाही इतरांसारखाच अर्ज करावा लागतो, आणि त्या रात्री बारा वाजता टपालपेटीपाशी जायचे की सकाळी सावकाश पाकीट टाकायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.